खोगीर, पडशी आणि दोन पेट्या

मराठीत 'खोगीरभरती' हा शब्द आपण बिनकामाच्या गर्दीसाठी वापरतो. समितीत नुसते बसायला आलेले सभासद, अंकाची पानं भरायला घातलेला मजकूर, असं काहीही. (आपल्या संपादक मंडळींनी हे मनावर घेऊ नये.) घोड्याच्या खोगिरात हाताला येईल ते, चिंध्या, गवत, कोंबून भरायचे, त्यावरून हा शब्द आला. घोडे गेले, खोगीरही गेलं, भरती मात्र राहिली. या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी मोटरसायकलवरून स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याची फेरी करायचं ठरवलं, आणि गाडीला पिशव्या कोणत्या लावायच्या या प्रश्नात मी नको इतकी गुंतले. त्यातून जे कळलं ते इथे मांडते आहे. मंडळातले निदान पाच-सहाजण दर वर्षी 'पुढच्या उन्हाळ्यात नक्की' असं म्हणत असतात, त्यांच्या उपयोगी पडेल.

अमेरिकेत या पिशव्यांना सॅडलबॅग म्हणतात, इथे ब्रिटनमध्ये पॅनिअर. हा शब्द फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'पानिस' आहे. पानिस म्हणजे पाव; पावाची टोपली ती पॅनिअर. त्याच पानिसचं पोर्तुगीजमध्ये 'पाओ' झालं आणि तिथून आपला पाव आला. म्हणजे वडापावमधला पाव आणि मोटरसायकलला टांगलेली पेटी यांचं जवळचं नातं आहे. वर्गात शिकवत असते तर यावर एक तास सहज गेला असता.

नाव काहीही असो, गोष्ट आपल्याला जुनीच. वंजाऱ्यांच्या तांड्यातले बैल मीठ आणि धान्य वाहायचे ते पाठीच्या दोन्ही बाजूंना गोण्या टाकून. पखालीचं पाणीही तसंच. खांद्यावरच्या पडशीला दोन तोंडं असतात, एक पुढे, एक मागे. आणि गावाकडचा दूधवाला तर आपण सगळ्यांनीच पाहिलेला आहे, दोन्ही अंगांना कॅन लटकवून खड्ड्यांतून सुसाट जाणारा. यातला कुणीही एकाच बाजूला ओझं टाकत नाही. दुकानातला माणूस अर्धा तास समजावतो ते सगळं दूधवाल्याला न सांगता ठाऊक असतं: वजन दोन्हीकडे सारखं, शक्य तितकं खाली, शक्य तितकं गाडीच्या मध्याकडे.

आमची गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०. ही कंपनी मूळची इथलीच, वूस्टरशरमधल्या रेडिचची. १९५५ पासून मद्रासेत बुलेट बनू लागली, इथला कारखाना पुढे बंद पडला, आणि आता तीच गाडी तिकडून इकडे येते. पिशव्या बघण्याआधी मी गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका काढली. नवऱ्याने ती कधी उघडली नव्हती. गाडीचं स्वतःचं वजन १९६ किलो, आणि तिच्यावर टाकता येणारं ओझं १९८ किलो. ऐकायला भरपूर वाटतं. पण त्या १९८ मध्ये माणसंही आली. आमची वजनं वेगवेगळी छापणार नाही, दोघांची मिळून १३५ धरा. हेल्मेट, जाकिटं, बूट यांचे १५. उरले ४८. अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या आणि त्यांची लोखंडी चौकट मिळून सुमारे १५ किलो, म्हणजे सामानासाठी राहिले ३३. नवऱ्याची यादी मी स्वयंपाकघरातल्या आणि न्हाणीघरातल्या काट्यावर तोलली: ४० किलो. त्यातला तंबू, झोपायच्या पिशव्या आणि स्टोव्ह साडेनऊ किलोंचे.

हा हिशोब कुणी करत नाही, याचं मला अजून नवल वाटतं. दोघांनी जायचं असेल तर तो केल्याशिवाय गाडीवर काही चढवू नये. ओझं जास्त झालं की मागचं स्प्रिंग दबतं, पुढचं चाक हलकं होतं, वळणावर गाडी ऐकत नाही, ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं. हेडलाइट वर उचलला जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मागे बसणाऱ्याच्या हातात ना ब्रेक असतो ना हँडल. तोलाचा हिशोब तरी तिने, किंवा त्याने, आपल्या हातात ठेवावा.

आता कडक पेटी की मऊ पिशवी. इथे मतं इतकी तीव्र आहेत की पुणेरी आणि कोल्हापुरी मिसळीचा वाद सौम्य वाटावा.

कडक पेटीची बाजू घ्यायची तर एल्सपेथ बीअर्डचं नाव घ्यायला हवं. लंडनची ही आर्किटेक्चरची विद्यार्थिनी १९८२ मध्ये जुन्या बीएमडब्ल्यूवर एकटी जगप्रदक्षिणेला निघाली आणि १९८४ मध्ये परतली. वाटेत सिडनीला ती पैसे मिळवण्यासाठी काही महिने थांबली, तेव्हा तिने अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वाकवून कुलूप लागणाऱ्या पेट्या स्वतः बनवल्या. त्या पेट्या घेऊन ती पुढे भारतातूनही गेली. तेव्हा दुकानात असलं तयार काही मिळत नव्हतं. कुलूप, पाऊस, उभं राहायला किंवा बसायला टणक जागा, हे कडक पेटीचे गुण खरेच आहेत.

पण दोष पाहा. गाडीची रुंदी मीटरच्या आसपास जाते आणि वाहतूक तुंबली की रांगांमधून पुढे सरकता येत नाही. गाडी आडवी झाली तर पाय पेटी आणि जमीन यांच्यामध्ये सापडतो. शिवाय पेटी मोठी दिसते म्हणून भरली जाते, पण गिवीसारख्या कंपन्या एका पेटीत १० किलोंपेक्षा जास्त घालू नका, असंच सांगतात. मऊ पिशव्या आणि त्यांची बारीक चौकट आमच्या हिशोबात ७ किलोंत बसली. म्हणजे सामानाला ४१ किलो मिळाले.

चोरीचा मुद्दा नवऱ्याने लावून धरला, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मुंबईहून मोटरसायकलने निघालेल्या योगेश आळेकरी या तरुणाची बातमी आपण सगळ्यांनी वाचली. सतरा देश ओलांडून तो ब्रिटनमध्ये पोचला, आणि ऑगस्ट २०२५ च्या अखेरीला नॉटिंगहॅमच्या वोलटन पार्कमध्ये मित्राबरोबर न्याहारीला थांबला असताना त्याची गाडीच चोरीला गेली. पासपोर्टसकट. त्याला पुढे इथल्या लोकांची मदत मिळाली, पण ते वाचताना पोटात कालवलं होतं. माझं म्हणणं इतकंच की सगळी गाडी उचलून नेणाऱ्यापुढे पेटीचं कुलूप काय करणार? त्यासाठी जाड साखळी लागते, आणि ती साखळी स्वतःच पाच किलोंची असते. मऊ पिशवी दोन पट्टे सोडून खांद्यावर टाकून खोलीत नेता येते. पासपोर्ट आणि पैसे अंगावरच्या खिशात, हा नियम आजीने एसटीसाठी घालून दिला होता, तो इथेही चालतो.

शेवटी मऊ पिशव्या ठरल्या आणि तंबू घरी राहिला. रात्री होस्टेलात काढायच्या. यात माझा स्वार्थ होता, हे कबूल. स्कॉटलंडच्या जूनमधले मिज नावाचे बारीक चावरे किडे मला ऐकून माहीत होते.

दुकानात मात्र एक आग्रह धरा: मागे बसणाऱ्याला गाडीवर बसवून, पिशव्या भरलेल्या असताना बघा. मी प्रश्न विचारत होते आणि विक्रेता उत्तरं नवऱ्याला देत होता, तरी मी बसूनच पाहिलं. पहिल्या जोडीत माझी पोटरी पिशवीला घासत होती आणि टाच फुटरेस्टवरून सरकत होती. दहा मिनिटांत पाय अवघडला, मग दिवसभर काय झालं असतं? दुसरी जोडी चार बोटं मागे बसत होती. ती घेतली.

बसवण्याचं काम आम्ही घरीच केलं. यात एक गोष्ट भारतातल्या गाड्यांची आठवण करून देणारी निघाली. आपल्याकडे मोटरसायकलला साडीगार्ड लागतं, कायद्यानेच, कारण पदर किंवा ओढणी चाकात जाऊ नये. इथल्या गाड्यांना ते नसतं, आणि मऊ पिशवी चाकात जायला पदराइतकीच तयार असते. बाजूची चौकट हवी ती यासाठी. पिशवी नुसती सीटवरून टांगू नका. पट्ट्यांची लोंबती टोकं दुमडून बांधा.

हिमालयनचा सायलेन्सर उजवीकडे आहे. त्यामुळे उजवी पिशवी मध्यापासून जरा लांब बसते, आणि लांबचं वजन जास्त ओढतं. सी-सॉवर बारक्या मुलाला टोकाला बसवतो, तसंच. म्हणून जड हत्यारं आणि कुलूप डावीकडे तळाशी, कपडे उजवीकडे. सायलेन्सर आणि पिशवी यांत मोकळी हवा खेळली पाहिजे आणि मध्ये उष्णता अडवणारा पत्रा हवा. इंडिकेटर आणि नंबरप्लेट झाकली जात नाही ना, हे मागे दहा पावलं जाऊन पाहायचं. चौकटीचे बोल्ट आधी सगळे सैल लावायचे, चौकट सरळ बसली की मग आवळायचे. एकेक पूर्ण आवळत गेलं तर शेवटचं भोक कधीच जुळत नाही. मग मागचं स्प्रिंग दोघांच्या वजनाला कडक करायचं, टायरमध्ये पुस्तिकेतल्या आकड्याइतकी हवा भरायची, हेडलाइट खाली करायचा. आणि विमा कंपनीला फोन. काही कंपन्या पिशव्यांची चौकट हा गाडीतला बदल मानतात.

निघण्याआधीच्या शनिवारी पूर्ण भरलेल्या गाडीवर शंभर मैलांची चक्कर मारली आणि परतल्यावर बोल्ट पुन्हा तपासले. आठांपैकी दोन अर्धा आटा सैल झाले होते.

इन्व्हरनेसहून निघून पुन्हा तिथेच येणारी ती वाट ५१६ मैलांची. अ‍ॅपलक्रॉसकडे जाणारा बेलाख ना बा हा घाट ६२६ मीटरवर चढतो. रस्ता एकेरी, समोरून गाडी आली की बाजूच्या थांब्यात सरकायचं. एका कॅम्परव्हॅनने आमच्या शेजारून वाट काढली तेव्हा तिचा आरसा आणि आमची डावी पिशवी यांत वीतभर अंतर होतं. व्हॅनमधल्या आजींनी हात हलवला. मीही हलवला, आणि गाडी पुढच्या वळणाला लागली.