दामोदरचा पूर, डॉ. साहांचे पदार्थविज्ञान आणि बाबासाहेबांचे जलधोरण

गोंदियात आमच्या वस्तीत राईस मिलमध्ये हमाली करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांचा मुलगा पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला, विजेच्या शाखेत शिकतो. मागच्या उन्हाळ्यात ते मुलाला घेऊनच माझ्या घरी आले. मुलाने विहाराच्या ग्रंथालयातून बाबासाहेबांच्या इंग्रजी वाङ्मयाचा दहावा खंड वाचायला नेला होता. वडिलांची तक्रार अशी, "भाऊ, याले इंजिनिअर बनवाचं हाय. हे ग्रंथ नोकरी लागल्यावर वाचंन. आता वाचून पेपरात काय कामी येते?"

मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याने खूण घातलेले पान मी उघडले. तिथे धरण, वीज आणि पूर यांचीच चर्चा होती. वडिलांना आधी ते खरेच वाटेना. त्यांना दोष कसा द्यावा? बाबासाहेब म्हटले की संविधान, चवदार तळे आणि दीक्षाभूमी एवढेच आपण घरात सांगत आलो. जुलै १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि पाटबंधारे व वीज हे विषयही त्याच खात्यात होते, हे शिकल्यासवरल्या माणसांनाही ठाऊक नसते. त्या काळातील भाषणे व कागदपत्रे महाराष्ट्र शासनाने १९९१ साली दहाव्या खंडात छापली. पुढे १९९३ साली केंद्रीय जल आयोगाने बाबासाहेबांच्या जलविकासातील कार्यावर पुस्तक काढले. त्यामागचे संशोधन आपल्या विदर्भातीलच अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात यांचे. जवळजवळ पन्नास वर्षे हा सारा इतिहास सरकारी फायलींत पडून होता.

या इतिहासात आणखी एक नाव येते, डॉ. मेघनाद साहा. त्यांची ओळख करून दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

साहांचा जन्म १८९३ साली ढाक्याजवळच्या खेड्यात झाला, म्हणजे बाबासाहेबांहून ते दोन वर्षांनी लहान. वडिलांचे किराण्याचे लहानसे दुकान, आणि जात अशी की वरच्या जातीचे लोक पंक्तीला बसू देत नसत. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना वसतिगृहातील इतर मुलांबरोबर त्यांना जेवता येत नसे. आपल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. असा हा विद्यार्थी १९२० साली जगभर गाजला तो एका समीकरणामुळे. वायू फार तापला की त्याच्या अणूतून इलेक्ट्रॉन सुटतो. किती तापमानाला आणि किती दाबाला किती अणूंतून तो सुटेल, याचा हिशेब साहांनी मांडला. लोहार जसा लोखंडाच्या रंगावरून त्याचा ताव ओळखतो, तसे आता ताऱ्याच्या प्रकाशातील रेषांवरून त्याचे तापमान काढता येऊ लागले. १९२७ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. (मी कॉमर्सचा माणूस. दहावीनंतर पदार्थविज्ञानाचा आणि माझा संबंध सुटला. एवढे समजायला मला त्या पॉलिटेक्निकच्या पोरानेच मदत केली.)

ताऱ्यांचा हिशेब करणारा हा माणूस नद्यांकडे वळला. १९२२ च्या उत्तर बंगालच्या पुरात आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या मदतकार्यात त्यांनी काम केले होते. पुराला बांध घालत सुटण्याआधी नदीचा शास्त्रीय अभ्यास करा, त्यासाठी प्रयोगशाळा काढा, असे ते लिहू लागले. पुण्याजवळ खडकवासल्याला इंग्रजांच्या काळापासून अशी संस्था आहे. तिथे नदीची लहान प्रतिकृती करून तीत पाणी सोडतात आणि प्रवाहाचा अभ्यास करतात. १९३५ साली साहांनी 'सायन्स अँड कल्चर' हे मासिक सुरू केले. त्यात नद्या, वीज आणि देशाचे नियोजन यांवर ते सातत्याने लिहीत राहिले.

जुलै १९४३ मध्ये दामोदर नदीला पूर आला. ही नदी आजच्या झारखंडातील डोंगरात उगम पावते, कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यातून वाहते आणि बंगालच्या सपाटीवर येऊन धुमाकूळ घालते. तिला 'बंगालचे दुःख' म्हणत. त्या वर्षी बर्दवानजवळ बांध फुटला, रेल्वे आणि ग्रँड ट्रंक रोड दोन्ही तुटले. महायुद्ध चालू, बंगालात दुष्काळाने माणसे मरत होती, आणि कलकत्त्याची वाट बंद! सरकारने बर्दवानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. साहा तिचे सदस्य होते. अमेरिकेत १९३३ पासून टेनेसी नदीच्या संपूर्ण खोऱ्यासाठी एकच प्राधिकरण काम करीत होते. तसेच दामोदरसाठी करावे, असा साहांचा आग्रह होता. समितीनेही तीच दिशा धरली.

इथे बाबासाहेबांचे काम सुरू होते. टेनेसीचा अनुभव असलेले अभियंता वूरडुइन यांना बोलावून १९४४-४५ मध्ये प्राथमिक आराखडा तयार झाला. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात केंद्र, बंगाल आणि बिहार सरकारांची परिषद झाली. तीत बाबासाहेबांनी केंद्राची भूमिका मांडली: नुसता पूर थांबवून भागायचे नाही, त्याच पाण्यातून बारमाही सिंचन, वीज आणि जलवाहतूक साधली पाहिजे. त्याच वर्षी नोव्हेंबरात कटकला त्यांनी सांगितले की पाणी जास्त असणे हे संकट नाही, पाणी ही संपत्ती आहे, ती साठवा. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण उद्योग वाढल्याशिवाय गरिबीतून सुटका नाही, हे ते १९४३ पासून मांडत होते. त्याचे मूळ १९१८ च्या त्यांच्या लहान शेतजमिनींवरील निबंधात सापडते. शेतीवरचा जादा माणूस उद्योगात गेला पाहिजे, हा विचार तिथेच आला आहे.

आता त्या मुलाने मला विचारलेला प्रश्न सांगतो. "काका, धरण एकच. पूर अडवायचा तर पावसाआधी ते रिकामे पाहिजे. वीज करायची तर भरलेले पाहिजे, कारण जितक्या उंचीवरून आणि जितके जास्त पाणी पडेल तितकी वीज. शेतीला तर उन्हाळ्यापर्यंत पुरवून वापरावे लागते. मग दरवाजा कधी उघडायचा, हे कोण ठरवणार?"

प्रश्न बरोबर होता. दर सेकंदाला किती पाणी येईल, किती साठेल, हे पदार्थविज्ञान व अभियांत्रिकी सांगते. पण कोणाच्या शेताला आधी, कोणाच्या कारखान्याला नंतर आणि कोणाचे गाव बुडणार, हे गणित सांगत नाही. तो न्यायाचा प्रश्न आहे. म्हणूनच खोऱ्यासाठी कायद्याने बांधलेले प्राधिकरण हवे होते. बाबासाहेब कार्यकारी मंडळातून गेल्यावर, ७ जुलै १९४८ रोजी दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले.

जे राहिले तेही सांगितले पाहिजे. आराखड्यातील सारी धरणे झालीच नाहीत. पहिल्या टप्प्यात चारच झाली: तिलैया (१९५३), कोनार (१९५५), मैथन (१९५७) आणि पंचेत (१९५९). खालच्या भागात पूर येणे थांबले नाही. मैथन-पंचेतच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली त्यांत संथाळ आदिवासी पुष्कळ होते, आणि त्यांच्या पुनर्वसनाची कहाणी अभिमानाने सांगावी अशी नाही. माझ्या मते इथे अभियंते कमी पडले नाहीत, राज्यकर्ते पडले.

साहा १९५२ साली कलकत्त्यातून लोकसभेवर निवडून आले. बाबासाहेबांना मात्र १९५४ च्या पोटनिवडणुकीत आपल्याच भंडाऱ्याने पाडले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. १९५६ च्या फेब्रुवारीत साहा गेले, डिसेंबरात बाबासाहेब.

इटियाडोहचे पाणी कालव्याने पार गडचिरोली जिल्ह्यापर्यंत जाते. कालव्याच्या टोकावरच्या बांधीत ते किती पोचते आणि ज्याला बांधीच नाही त्या रोवणीवाल्या बाईच्या पदरात काय पडते, याचा हिशेब करायचा, असे त्या मुलाने मनावर घेतले आहे. येत्या सुटीत आम्ही दोघे गोठणगावला धरण पाहायला जाणार आहोत. वडील म्हणाले, "मलेबी घेऊन चला." दहावा खंड मात्र अजून ग्रंथालयात परत आलेला नाही.