आधी वाव, मग वजन

यवतमाळहून धामणगाव रेल्वेकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाभुळगाव लागते. कापूस, तूर, सोयाबीन आणि बेंबळा प्रकल्प ही या तालुक्याची ओळख. धनुर्विद्येशी त्याचे नाव कुणी जोडत नाही. तरीही आज इथल्या एखाद्या घरात पोराने किंवा पोरीने ‘मला धनुष्य पाहिजे’ असा हट्ट धरला, तर कुणाला नवल वाटणार नाही. ऑगस्ट २०२३मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी असे दोन मराठी तिरंदाज वैयक्तिक विश्वविजेते झाले. अदिती तेव्हा सतरा वर्षांची होती. त्याआधी टोकियो ऑलिंपिकला गेलेला प्रवीण जाधव फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, पण घडला तो अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे बाभुळगावच्या शेजारच्या जिल्ह्यात.

हट्ट पुरवायचा ठरला की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘किती पौंडाचे घ्यायचे?’ माझ्या मते हा शेवटी विचारायचा प्रश्न आहे. आधी विचारायचे ते अंगाचे माप. लांबी ठरते ती हातांवरून आणि वजन, म्हणजे दोरी खेचायला लागणारा भार, ठरते ते पाठीवरून. हा क्रम उलटा झाला की धनुष्य सहा महिन्यांत माळ्यावर जाते आणि पोर परत क्रिकेटकडे वळते.

ओजस आणि अदिती खेळतात ते कंपाउंड धनुष्य. त्याच्या टोकांना चाके असतात. दोरी पूर्ण खेचली की त्या चाकांमुळे भार एकदम उतरतो आणि नेम धरताना हातावर मूळ भाराचा पाव हिस्सा, फार तर तिसरा हिस्सा राहतो. बांबूच्या किंवा लाकडाच्या साध्या लांब धनुष्यात नेमके उलटे होते. जितके खेचाल तितका भार वाढतो आणि जिथे हात स्थिर हवा तिथेच तो सर्वाधिक असतो. म्हणून कंपाउंडचे ५० पौंड आणि साध्या धनुष्याचे ५० पौंड यांची तुलना करू नये. टीव्हीवर खेळाडूंचे आकडे ऐकून पारंपरिक धनुष्याची मागणी नोंदवणाऱ्यांची पहिली चूक इथेच होते.

लांब धनुष्य म्हटले की लोकांना इंग्लंड आठवते, पण आपल्याकडे ते त्याहून कितीतरी जुने आहे. सिकंदराचा नौदलप्रमुख निआर्कस याने भारतीय पायदळाचे वर्णन केले होते. ते पुढे एरियनच्या ग्रंथातून आपल्यापर्यंत पोचले. त्यात भारतीयांचे धनुष्य माणसाच्या उंचीइतके असल्याची नोंद आहे. सैनिक त्याचे एक टोक जमिनीला टेकवून डाव्या पायाने दाब देत आणि दोरी खूप मागे खेचत. कौटिल्याने अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी धनुष्याची चार द्रव्ये सांगितली. अग्निपुराणातल्या धनुर्वेदाच्या भागात चार हातांचे धनुष्य उत्तम, साडेतीन हातांचे मध्यम आणि तीन हातांचे कनिष्ठ ठरवले आहे. हात म्हणजे साधारण अठरा इंच धरला तर उत्तम धनुष्य सहा फुटांचे होते. आजचे कारागीर दोरी २९-३० इंच मागे खेचणाऱ्या उंच माणसाला जवळपास एवढीच लांबी सांगतात. शिवाय हे माप हातात दिले आहे आणि हात ज्याचा त्याचा असतो, हे मला फार मोलाचे वाटते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या गोंड आणि कोलाम वस्त्यांना तिरकमठा परका नाही. घरी कमठा करणाऱ्याला मापाचा तक्ता लागत नाही, कारण ज्याच्यासाठी तो करायचा तो समोरच उभा असतो. बाजारातून मागवणाऱ्याला मात्र हे माप आकड्यांत सांगावे लागते. ते काढायचे कसे, ते आता पाहू.

विहिरीचा दोर मोजतात तशी वाव मोजा. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरायचे, ताणायचे नाहीत, आणि मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत अंतर घ्यायचे. त्याला अडीचने भागले की आपली खेच मिळते, म्हणजे दोरी आपण किती मागे आणू शकतो ते अंतर. १६५ सेंटिमीटर वाव असेल तर खेच ६६ सेंटिमीटर, म्हणजे २६ इंच. १८३ सेंटिमीटर असेल तर २९ इंचांच्या जवळ. हा अंदाज आहे. पक्के माप हवे असेल तर दहा-पंधरा पौंडांचे अगदी हलके धनुष्य नेहमीच्या ढबीत खेचावे आणि दुसऱ्याने बाणावर खूण करावी. नवशिक्याची खेच पहिल्या काही महिन्यांत इंचभर वाढतेही, कारण खांदे जागेवर बसायला आणि पाठ उघडायला वेळ लागतो.

आता धनुष्यावर छापलेला आकडा पाहा. ‘४० पौंड’ असे लिहिले असेल तर तो भार २८ इंच खेचेला मोजलेला असतो. कारखानदारांचा तसा संकेत आहे. साध्या लांब धनुष्यात शेवटच्या टप्प्यात दर इंचाला दोन ते तीन पौंड कमी-जास्त होतात. म्हणजे २६ इंच खेचणाऱ्या धाकट्याच्या हातात तेच धनुष्य पस्तिशीच्या आसपास राहते आणि २९ इंच खेचणाऱ्या थोरल्याच्या हातात बेचाळिसाच्या पुढे जाते. एका घरात एकच धनुष्य दोघांना ‘चालवून’ घेतले तर दोघांच्या बोटांवर सहा-सात पौंडांचा फरक पडतो. लाकडी धनुष्याच्या बाबतीत थोरल्याने आणखी एक विचारायला हवे, की हे २९ इंचांपर्यंत वाकवण्यासाठी केले आहे का? केले नसेल तर ते मोडेल.

लांबीचा मुद्दा इथेच येतो. लाकूड वाकते तेव्हा त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. त्याच खेचेसाठी धनुष्य आखूड घेतले तर प्रत्येक इंचाला जास्त वाकावे लागते. मग आतल्या बाजूला बारीक सुरकुत्या पडतात, धनुष्य कायमचे वाकडे बसते किंवा एके दिवशी हातातच फुटते. फुटले नाही तरी आखूड धनुष्यात दोरीचा कोन तीव्र होऊन बोटे चिमटली जातात आणि शेवटच्या दोन इंचांत भार एकदम चढतो. मूठ न वाकणाऱ्या लाकडी धनुष्याला खेचेची दुप्पट अधिक आठ-दहा इंच एवढी लांबी तरी हवीच. त्यात थोडी सवड धरली तर २६ इंच खेचेला ६४ ते ६६ इंच, २८ला ६६ ते ६८ आणि २९-३०ला ७० ते ७२ इंच. लांब धनुष्य थोडे मंद असते, कारण त्याच्या टोकांचे वजन हलवण्यात शक्ती खर्च होते. पण ते हातात स्थिर राहते आणि सोडताना झालेली बारीक चूक पोटात घालते. दोन मापांमध्ये अडलात तर लांब माप घ्या. शिकणाऱ्याला वेग नंतर मिळाला तरी चालतो.

वजनाबद्दल मात्र मला आग्रहाने बोलायचे आहे, कारण इथे पुरुषी अभिमान आडवा येतो. १५४५ साली इंग्लंडचे ‘मेरी रोझ’ जहाज बुडाले आणि १९८२मध्ये त्याचा सांगाडा वर काढला. त्यावर शंभराहून अधिक लांब धनुष्ये मिळाली, बहुतेक साडेसहा फुटांच्या आसपास, आणि त्यांचा भार १०० ते १८५ पौंड असावा असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हे आकडे ऐकून तरुण पोरांचे डोळे चमकतात. पण त्याच शतकातल्या ह्यू लॅटिमर या धर्मोपदेशकाने १५४९च्या प्रवचनात आपले बालपण सांगितले आहे. वडील त्याच्यासाठी वय आणि ताकद पाहून धनुष्य घेत, आणि तो वाढेल तसे मोठे देत. शंभर पौंडांपर्यंत पोचणारी ती माणसे लहानपणापासून पायरी-पायरीने चढलेली होती. मेरी रोझवरच्या काही सांगाड्यांच्या खांद्यांच्या हाडांतही या श्रमाच्या खुणा दिसतात.

वजन वाढवून मिळते काय, तेही मोजून पाहावे. ३५ पौंडांवरून ४५वर गेलात तर कष्ट जवळजवळ २९ टक्क्यांनी वाढतात. पण वेग साठवलेल्या ऊर्जेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणून तोच बाण फार तर १३ टक्के वेगाने जातो. जड धनुष्याला बाणही जड लागतो, त्यामुळे हा फायदा आणखी घटतो. शिकार हे कारण आता उरलेले नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती गुन्हा आहे, आणि टिपेश्वर अभयारण्याच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. मग उरते ते लक्ष्य. राष्ट्रीय स्पर्धांत बांबूच्या धनुष्याचा ‘इंडियन राऊंड’ खेळला जातो. पहिले वर्ष दहा-पंधरा मीटरवरच जाते आणि तिथे २५ पौंड पुरून उरतात. ३० मीटरलाही नीट सोडलेला बाण तेवढ्यात पोचतो.

माझा हिशेब असा. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला १० ते १५ पौंड, तेरा-चौदाच्या मुला-मुलीला १५ ते २०, प्रौढ स्त्रीला २० ते २५ आणि प्रौढ पुरुषाला २५ ते ३०. शेतात राबणारा धट्टाकट्टा गडी असला तरी त्याने पस्तिशीच्या वर सुरुवात करू नये. पोते उचलणारे स्नायू वेगळे आणि दोरी मागे धरून ठेवणारे पाठीतले स्नायू वेगळे. वाढत्या वयाच्या मुलांची हाडे अजून पक्की झालेली नसतात, तिथे तर दोन पौंड कमीच बरे.

वजन झेपते की नाही हे दोनदा खेचून कळत नाही, पंचवीस-तीस बाण सोडल्यावर कळते. तेव्हाही धनुष्याचा हात थरथरू नये, खांदा कानाकडे चढू नये, दोरी दरवेळी हनुवटीच्या त्याच जागी यावी आणि तिथे दोन-तीन सेकंद शांत थांबता यावे. खेचण्यासाठी धनुष्य आभाळाकडे उचलावे लागत असेल तर ते जड आहे. दोरी हनुवटीला लागायच्या आत सुटत असेल तरी जडच आहे. ही दुसरी खोड फार वाईट, कारण ती एकदा लागली की हलके धनुष्य घेऊनही वर्ष-वर्ष सुटत नाही. पुढे वाढवायचे ते दोन-चार पौंडांनी आणि काही महिन्यांच्या अंतराने.

छापील आकड्यावर विसंबू नका, हाताने केलेल्या धनुष्यावर तर तो अनेकदा नसतोच. कापसाच्या गावात लटकता काटा मिळायला अडचण नाही. तो आढ्याला टांगा, दोरीचा मध्य त्याच्या आकड्यात अडकवा आणि मूठ सावकाश खाली ओढा. दोरीपासून मुठीच्या खोलगट जागेपर्यंतचे अंतर अधिक पावणेदोन इंच म्हणजे प्रमाण खेच. ती तुमच्या मापाएवढी झाली की काटा वाचा आणि लगेच सैल करा. लाकडी धनुष्य ताणून धरून ठेवायचे नसते. किलोला २.२ने गुणले की पौंड मिळतात. १६ किलो म्हणजे ३५ पौंड.

विदर्भात राहणाऱ्याने लाकडाचा आणि ऋतूचाही विचार करावा. आपल्याकडचा मानवेल बांबू जवळजवळ भरीव असतो, म्हणून त्याचा कमठा होतो. धामणीचे लाकूडही त्याच्या लवचीक चिवटपणासाठी पूर्वीपासून नावाजलेले. बांबू हिवाळ्यात तोडावा, तीन वर्षे तरी जुना असावा आणि सावलीत वाळवावा. पावसाळ्यात वास्ते फुटत असताना तो तोडू नये. बांबूची पाठ लावलेल्या धनुष्यात बाहेरचे कवच तासायचे नाही, सर्वांत घट्ट तंतू तिथेच असतात. पावसाळ्याच्या दमटपणात तेच धनुष्य दोन-तीन पौंडांनी सैल वाटते. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांकडे गेला की ते कोरडे पडून कडक होते आणि तेव्हाच मोडण्याची भीती सर्वांत जास्त. उन्हाळ्यात सकाळीच सराव करावा, पहिले काही बाण अर्ध्या खेचेवर सोडावेत आणि धनुष्य पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत कधीही ठेवू नये. सराव संपला की दोरी उतरवावी. चढवलेली असताना मुठीपासून दोरीपर्यंत एक मूठ आणि वर ताठ अंगठा एवढे अंतर पुरते. लाकडी टोकांना डेक्रॉनची दोरी बरी, अजिबात न ताणणारे नवे धागे टोके चिरतात.

बाणाबद्दल थोडक्यात. तो खेचेपेक्षा इंच-दीड इंच लांब हवाच. आखूड बाण धनुष्याच्या आत येऊन हातात घुसू शकतो. वजन दर पौंडाला दहा ग्रेन धरावे, म्हणजे ३५ पौंडांना साधारण २३ ग्रॅम. बाणाचा ताठपणाही धनुष्याच्या भाराशी जुळायला हवा, कारण सुटताना तो मुठीला वळसा घालून जातो. फार ताठ बाण एका बाजूला जातो, फार लवचीक दुसऱ्या बाजूला, आणि दोष मात्र नेमाला लागतो. बाण न लावता रिकामी दोरी कधीच सोडू नये. सगळी ऊर्जा धनुष्यातच राहते आणि चांगले लाकूड त्यात जाते.

बाभुळगाव तालुक्यातल्या आणि जिल्ह्यातल्या शाळांना, व्यायामशाळांना माझी एक विनंती आहे. ४० पौंडांचे एक देखणे धनुष्य घेऊन काचेच्या कपाटात ठेवण्यापेक्षा त्याच खर्चाच्या आसपास १२, १६, २० आणि २५ पौंडांची साधी चार धनुष्ये घ्या, प्रत्येकावर लांबी आणि भार ठळक लिहा आणि भिंतीवर वाव मोजायची पट्टी रंगवून ठेवा. सरावाची जागा मोकळी हवी, लक्ष्यामागे मातीचा उंच बांध हवा आणि सगळ्यांचे बाण सुटेपर्यंत कुणीही रेषेपुढे जाता कामा नये. या गोष्टी जमवल्या तर पहिले वर्ष सरल्यावर तुमच्या शाळेतली दहा-बारा मुले तरी ३० मीटरवर उभी राहतील.