नळी-निहारीची वाट

अकोला-वाशीम रस्त्यावरच्या मालेगावातील एक कुटुंब दरवर्षी ईदच्या सुट्टीत मुंबईला नातेवाइकांकडे जाते. पहिले जेवण मात्र ठरलेले, भेंडी बाजारातल्या नूर मोहम्मदी हॉटेलात. १९२३ पासूनचे हे हॉटेल. भिंतीवर चक्क एम. एफ. हुसेन यांचे चित्र. मुलांना त्याचे काय? ती नळी ताटात ठोकून आतला गर काढण्यात दंग. मंद आचेवर तासन्‌तास शिजलेली निहारी अब्बांच्या हलत्या दातांनाही जमायची. यंदा अब्बा नाहीत. अम्मींनी जायला साफ नकार दिला होता. परवा इफ्तारच्या दस्तरखानावर धाकटा नातू म्हणाला, ‘‘नळी ठोकायला अब्बा या वर्षी शिकवणार होते.’’ अम्मी काही बोलल्या नाहीत. मगरिबनंतर त्यांनीच तिकिटाचा विषय काढला. अकोल्याहून रात्रीच्या गाडीची पाच तिकिटे निघाली आहेत. दरवर्षी सहा निघत.