कराडच्या टिळक हायस्कूलचे खाशाबा
महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडच्या टिळक हायस्कूलचे. १९३४ मध्ये मॅट्रिक झाले, पण त्याआधी शाळकरी वयातच स्वातंत्र्यासाठी तुरुंगवास भोगून आले होते! मला मात्र त्याच शाळेतले गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव जास्त जवळचे वाटतात. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. १९५२ ला ऑलिंपिकसाठी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली आणि कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी तर राहतं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. केवढा विश्वास! खाशाबांनी कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावरच्या मिरवणुकीला शंभरावर बैलगाड्या होत्या. मग सरांचं घर सोडवण्यासाठी खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले.