बुद्धी, भावना आणि श्रद्धा : घरातील कठीण निर्णयाची वाट

घोड नदीकाठचे शिरूर आणि भीमेकाठचे दौंड या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती उपासना चालत आलेली अनेक घरे आहेत. त्यांपैकी एखादे घर आपण डोळ्यांसमोर आणू या. ब्याऐंशी वर्षांच्या आजी पहाटे न्हाणीघरात पाय घसरून पडतात. एक्स-रे काढल्यावर खुब्याचे हाड मोडल्याचे कळते आणि डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतात. पुण्यात नोकरीला असलेला थोरला मुलगा फोनवरून सांगतो, "खर्चाकडे पाहू नका, आईला सर्वांत मोठ्या हॉस्पिटलात न्या." लेक रडत म्हणते, "या वयात आईच्या अंगाला सुरी लावू नका." शेजारच्या बाई धीर देतात, "प्रार्थना करा, देव बरे करील." आजींची रोजची सेवा करणारी सून गप्पच असते. आणि ज्यांच्याविषयी हे सारे बोलणे चालले आहे, त्या आजींना मात्र कोणीच काही विचारत नाही.

यांतील कोणाचेही प्रेम खोटे नाही. तरीही अशा घरात निर्णय चुकण्याचा संभव मोठा असतो. कारण प्रत्येक जण आपल्याजवळचे एकच साधन पुढे करतो. कोणी हिशेब मांडतो, कोणी भीती बोलून दाखवतो, कोणी श्रद्धेचा आधार घेतो. ही तीन साधने एकत्र कशी वापरावीत, याचे एक थोर उदाहरण याच परिसरात, दौंड तालुक्यातील केडगाव येथे घडून गेले आहे.

केडगावचा धडा

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी तरुणपणीच दुष्काळात आई-वडील गमावले. पुढे १८८० मध्ये भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती. तान्ह्या मुलीसह ही विधवा इंग्लंडला गेली आणि १८८३ मध्ये तिने तेथे बाप्तिस्मा घेतला. परंतु श्रद्धा स्वीकारताना त्यांनी आपली बुद्धी कोणाकडे गहाण ठेवली नाही. ज्या धर्मभगिनींच्या आश्रयाने त्या राहत होत्या, त्यांनाही त्यांनी पत्रांतून अवघड प्रश्न विचारले. दुसऱ्याने सांगितले एवढ्याच कारणासाठी एखादी गोष्ट मान्य करणे त्यांच्या विवेकाला पटत नव्हते.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवले. या कार्यासाठी अमेरिकेतील हितचिंतकांनी दहा वर्षे साहाय्य देण्याचे ठरवले होते. त्यानंतर काय, हा प्रश्न रमाबाईंनी दहावे वर्ष उजाडेपर्यंत पुढे ढकलला नाही. फळबागेच्या उत्पन्नावर संस्थेला काही आधार मिळावा या हेतूने त्यांनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खोदवल्या, झाडे लावली. हे बुद्धीचे काम झाले.

१८९६ च्या सुमारास मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. भुकेल्या मुलींच्या बातम्या ऐकून रमाबाईंना स्वतःचे जुने उपाशी दिवस आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना आश्रय देण्याचा त्यांनी निश्चय केला. ही हाक भावनेची होती. त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ असल्याने इतक्या जणींना शहरात ठेवणे शक्य नव्हते. तेव्हा केडगावची ती जमीन उपयोगी पडली आणि 'मुक्ती' उभी राहिली. पैसा पुरेल की नाही, याची खात्री कोणीच देऊ शकत नव्हते. अशा वेळी पाऊल पुढे टाकण्याचे धैर्य त्यांना श्रद्धेने दिले.

या घटनाक्रमाकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. रमाबाईंनी प्रार्थना केली म्हणून विहीर खोदण्याचे टाळले नाही, आणि विहीर खोदली म्हणून प्रार्थना सोडली नाही. तीनही साधनांना त्यांनी आपापले काम दिले.

पवित्र शास्त्रातील आधार

हाच समतोल पवित्र शास्त्रातही आढळतो. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज घेणाऱ्या माणसाचा दाखला येशूने दिला, तो लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात आहे. नहेम्याने यरुशलेमेचा कोट बांधताना देवाची प्रार्थना केली आणि त्याबरोबर पहाराही बसवला. लाजराच्या कबरेपाशी येशू रडला. म्हणजे अश्रू हे अविश्वासाचे लक्षण नव्हे. पौलाने आपल्या सोबत्याला, लूकला, प्रिय वैद्य म्हटले आहे आणि तीमथ्याला पोटाच्या तक्रारीवर व्यावहारिक उपाय सांगितला आहे. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलावून प्रार्थना करवून घ्यावी असे सांगितले आहे. वैद्याला बोलावू नये, असे मात्र तेथे कोठेही म्हटलेले नाही. गेथशेमाने बागेत येशूने दुःख टळावे अशी मनापासून विनवणी केली आणि शेवटी पित्याच्या इच्छेपुढे मान तुकवली. म्हणून प्रार्थनेत आपली इच्छा मोकळेपणाने सांगावी, परंतु देवाला मुदत घालून देऊ नये.

आता त्या घरात परत जाऊ

बुद्धीचे पहिले काम म्हणजे माहिती मिळवणे. खुब्याचे हाड मोडलेल्या ज्येष्ठांना दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहावे लागले तर पाठीला जखमा होतात, न्यूमोनिया होऊ शकतो, पायातील रक्तवाहिन्यांत गाठी धरू शकतात. म्हणून प्रकृती साथ देत असेल तर शस्त्रक्रिया लवकर, शक्यतो एक-दोन दिवसांत करावी, असे सामान्यतः सांगितले जाते. केवळ वय जास्त आहे म्हणून शस्त्रक्रिया नाकारू नये. अर्थात हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे व स्मृती यांची स्थिती प्रत्येकाची वेगळी असते. म्हणून डॉक्टरांना चार प्रश्न स्पष्ट विचारावेत : शस्त्रक्रियेने आजींना नेमके काय मिळेल? धोके कोणते? केली नाही तर काय होईल? त्यानंतर घरी किती दिवस, कोणती शुश्रूषा लागेल? शेवटच्या प्रश्नाच्या वेळी सूनबाई तेथे असाव्यात, कारण त्या उत्तराचा भार बहुधा त्यांच्यावर पडणार असतो.

भावनेचे काम निर्णय घेण्याचे नाही; आपल्याला काय मोलाचे वाटते, हे ती दाखवून देते. लेकीच्या रडण्यात आईला गमावण्याची भीती आहे. "खर्चाकडे पाहू नका" म्हणणाऱ्या मुलाच्या मनात कदाचित दूर राहिल्याची टोचणी असेल. ती टोचणी प्रेमळ शब्दांत बोलून मोकळी झाली, तर तिच्यापायी घरावर कर्ज चढत नाही. सूनबाईंचा थकवा ही देखील भावनाच आहे आणि तो बोलून दाखवणे म्हणजे सेवेचा कंटाळा आला असे नव्हे.

श्रद्धेचे काम या दोहोंच्या पुढचे आहे. परिणाम आपल्या हाती नाही, हे मान्य करण्याचे बळ ती देते. नीट विचार करून, प्रेमाने निर्णय घेतला आणि तरीही दुःखद शेवट झाला, तर "आपला विश्वास कमी पडला" असे कोणी कोणास म्हणू नये. असे एक वाक्य शुश्रूषा करणाऱ्याचे मन वर्षानुवर्षे जाळत राहते.

सोळाव्या शतकातील संत इग्नेशियस लोयोला यांनी निर्णयासाठी काही साध्या रीती सांगितल्या आहेत. मन खिन्न असताना आधी घेतलेला चांगला निश्चय बदलू नये. आपल्याच जागी एखादा अनोळखी माणूस असता तर त्याला काय सल्ला दिला असता, ते पाहावे. आपल्या मृत्युसमयी यांतील कोणता निर्णय घेतल्याचे समाधान वाटेल, याचाही विचार करावा. शस्त्रक्रियेसारख्या प्रसंगी वेळ थोडा असतो, तरी तासभर एकत्र बसून या प्रश्नांवर बोलणे बहुतेक घरांना शक्य असते. पाळक किंवा फादर यांना बोलवावे ते प्रार्थनेसाठी व धीरासाठी. वैद्यकीय उत्तर त्यांच्याकडून मागू नये.

आधीच बोलून ठेवावे

सर्वांत चांगले निर्णय संकटापूर्वी घेतलेले असतात. शेवटच्या आजारात कृत्रिम साधनांनी आयुष्य लांबवावे की नाही, याविषयी आपली इच्छा शुद्धीवर असताना लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी करण्यात आली. दोन साक्षीदारांसमोर सही करून ते पत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येते. ज्येष्ठांनी स्वतःहून हा विषय काढला, तर मुलांचा संकोच पुष्कळ कमी होतो.

रमाबाईंना उतारवयात ऐकू कमी येऊ लागले होते. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. अशा स्थितीतही पवित्र शास्त्राच्या मराठी अनुवादाचे काम त्या अखेरपर्यंत करीत राहिल्या. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. उरलेले बळ कशासाठी वेचायचे, हे त्यांचे त्यांनी ठरवले होते.

आपल्या कल्पनेतील आजींनाही तो मान मिळायला हवा. मुलगा गावी पोहोचला की त्याने खाटेजवळ बसावे, आईचा हात हाती घ्यावा, डॉक्टरांनी सांगितलेले सोप्या शब्दांत समजावून द्यावे आणि विचारावे, "आई, तुला काय वाटतं?" कदाचित त्या म्हणतील, "दुखणं थांबलं आणि काठी धरून उपासनेला जाता आलं, तरी पुष्कळ आहे." कदाचित वेगळेच काही म्हणतील. ते उत्तर ऐकून घेतल्यावर सर्वांनी मिळून प्रार्थना करावी आणि मग सहीसाठी पेन उचलावे.