दोष कोणाचा?

थॅलॅसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. हर्सूलहून अशा मुलाला शहरातील रुग्णालयात नेणाऱ्या आईला रक्ताच्या पिशवीइतकाच आणखी एक घोर असतो: घरचे दोष तिलाच देतात. येथे मेंडेलचे वाटाणे कामी येतात. आई-वडील दोघेही वाहक असतील तेव्हाच, दोघांकडून एकेक सदोष जनुक येऊन, हा आजार होतो. वाहक स्वतः धडधाकट असतात. त्यांना पत्ताही नसतो. प्रत्येक गर्भारपणी शक्यता चारात एक. ‘एक आजारी झाले, आता पुढची तीन सुदृढ’ हा हिशेब मात्र चूक. फासा मागचे दान लक्षात ठेवत नाही. हे वडिलांसमोर, सावकाश सांगणे हाच आईला पहिला आधार, असे आम्हांस वाटते. वर्गशिक्षकही गैरहजेरीचा जाब विचारण्याआधी हे बोलू शकतात. वाहक कोण, हे हिमोग्लोबिन ए-टू मोजून कळते. त्या चाचणीला मामा-मावशीप्रमाणे काका-आत्यांनीही जावे.