चाळ, पागडी आणि सरकारचा हुकूम

५ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने समाजवादाची उत्तरक्रिया उरकली, अशा थाटात मथळे झळकले. परंतु ज्या अर्जदारांमुळे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींना समाजाची साधनसंपत्ती सर्वांच्या हितासाठी वाटली जावी असे सांगणाऱ्या, संविधानाच्या ३९ (ब) या अनुच्छेदाचा अर्थ लावावा लागला ते मुंबईच्या जुन्या इमारतींचे मालक होते, आणि त्यांची मूळ फिर्याद भाड्याच्या हिशेबाने इमारत हातची जाण्याविषयी होती, ही गोष्ट त्या गदारोळात बाजूलाच राहिली. सरकारी नियंत्रणाचे गुणदोष पाहावयाचे, तर तत्त्वचर्चेपेक्षा या फिर्यादीच्या मुळाशी जाणेच अधिक उपयुक्त.

युद्धकाळात घरांची टंचाई पडली आणि मालकांनी मनमानी आकारणी आरंभली, म्हणून १९१८ सालीच मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला होता. दुसरे महायुद्ध आणि फाळणीचे निर्वासित यांच्या पाठोपाठ आलेल्या १९४७ च्या कायद्याने सामान्यतः १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हेच प्रमाणभाडे ठरविले आणि सबळ कारणावाचून भाडेकरूस बेदखल करण्याची मालकाची सत्ता काढून घेतली. त्या घडीला हा हुकूम न्याय्य होता, याविषयी माझ्या मनात यत्किंचितही संदेह नाही. गिरणीतला कामगार, पेढीवरचा कारकून आणि शाळेतला मास्तर लालबाग-गिरगावात टिकले, त्यांची मुले शिकली, त्यांच्या पगारातून ग्रंथालयाची वर्गणी आणि नाटकाचे तिकीट निघू शकले, याच्या अनेक कारणांत खोलीचे माफक भाडे हे मोठे कारण होते.

दोष शिरला तो निराळ्याच वाटेने. तात्पुरता म्हणून केलेला कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धशतक जगला, भाडे मात्र १९४० मध्येच थिजून राहिले. पण किंमत हुकुमाने मरत नाही, ती पावतीवाचून वावरू लागते. आणि मुंबईत तिला पागडी म्हणतात. खोली सोडणारा भाडेकरू येणाऱ्याकडून बाजारभावाच्या जवळपास जाणारी रक्कम घेई, त्यातला सुमारे तिसरा हिस्सा भाडेपावती नव्या नावावर करून देण्याबद्दल मालकाच्या हाती पडे, आणि जो व्यवहार कायद्याच्या लेखी गुन्हा होता त्याच्या अटी दलालापासून वकिलापर्यंत साऱ्यांना तोंडपाठ असत. ज्यापाशी ही रक्कम नव्हती अशा, शहरात नव्याने आलेल्या, गरिबास या कायद्याने काय दिले? त्याच्यासाठी चाळीचे दार बंदच राहिले आणि तो झोपडपट्टीत गेला. उलट मोक्याच्या जागेवरचे धनाढ्य दुकानदार त्याच कायद्याच्या छत्राखाली नाममात्र भाड्यात सुखेनैव नांदले. अखेर १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने पागडीस मान्यता दिली, आणि सरकारने हार कबूल केली असे मी तरी समजतो.

भाड्यातून डागडुजीचा खर्च निघेना, तेव्हा मालकांनी हात आखडते घेतले, इमारती कोसळू लागल्या आणि १९६९ साली सरकारने उपकर बसवून दुरुस्तीमंडळ स्थापिले. १९,६४२ इमारतींचा भार अंगावर घेणाऱ्या त्या व्यवस्थेने टेकू पुष्कळ लावले. तथापि भेंडीबाजारातील हुसैनी इमारत धोकादायक ठरून काही वर्षे उलटल्यावर, ऑगस्ट २०१७ मध्ये, कोसळली आणि तेहतीस माणसे दगावली. भाडे सरकारने गोठविले, छत मालकाचे, जीव भाडेकरूचा; मग जबाबदारी कोणाची, हा प्रश्न दफ्तरांतून फिरतच राहिला. माझ्या मते या नियंत्रणाचे खरे पाप येथेच आहे. गरिबांस स्वस्त निवारा देणे हे राज्याचे कर्तव्य असेल, तर त्याचा खर्च खजिन्यातून व्हावयास हवा होता. तो एका वर्गाच्या माथी मारून राज्य मात्र दयाळूपणाचे श्रेय घेत राहिले.

गृहनिर्माण कायद्यातली १९८६ ची दुरुस्ती याच वृत्तीची. सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केल्यास उपकरप्राप्त इमारत संपादन करून त्यांना द्यावी आणि मालकास मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला द्यावा, अशी ती तरतूद, आणि मालकांची मूळ फिर्याद तिच्याचविरुद्ध. वीस बिऱ्हाडे आणि दरबिऱ्हाडी शंभर रुपये भाडे धरा: जमिनीसकट साऱ्या इमारतीचे दोन लाख! या तरतुदीच्या समर्थनार्थ न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या मताचा आधार घेतला जाई. १९५७ साली केरळच्या पहिल्या साम्यवादी मंत्रिमंडळात मंत्री असलेल्या या तेजस्वी पुरुषाने पुढे न्यायासनावरून खासगी संपत्तीही समाजाच्या साधनसंपत्तीत गणली होती. त्यांची कळकळ निर्विवाद. पण त्या कळकळीची किंमत कोणी मोजावी, हा हिशेब त्यांनी पुरता मांडला असे मला वाटत नाही. खासगी साधने समाजाच्या साधनसंपत्तीत येऊ शकतात, मात्र सरसकट नव्हे, एवढेच आता बहुमताने म्हटले आहे; साधनाचे स्वरूप, त्याची दुर्मीळता आणि समाजहितावरील परिणाम पाहून ठरवावे, असा दंडक घालून दिला आहे.

पीठाने संविधानाच्या अर्थाचा प्रश्न सोडविला. १९८६ ची तरतूद टिकते की नाही, याचा कज्जा मात्र शिल्लकच आहे. मालकांची याचिका १९९२ पासूनची, आणि ज्या इमारतींविषयी ती आहे त्यांपैकी कित्येक टेकूंवर उभ्या आहेत.